इयान राइट: बांधकामावरून आर्सेनलपर्यंत आणि तिथून टीव्हीच्या खुर्चीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्या दोन पिढ्यांना इयान राइट दोन वेगळ्या रूपांत माहीत आहे. नव्वदच्या दशकात सामने पाहिलेल्यांना आठवतो तो आर्सेनलचा आठ नंबर, गोल झाला की हात पसरून प्रेक्षकांकडे धावत सुटणारा. नंतर आलेल्यांना तो स्टुडिओत दिसतो: चष्मा लावलेला, खळखळून हसणारा, मध्येच डोळ्यांत पाणी येणारा. ही दोन माणसं एकच आहेत असं कळलं की पुढचे प्रश्न येतात. माझ्याकडे सर्वात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

थोडक्यात सांगा, इयान राइट कोण?

३ नोव्हेंबर १९६३ रोजी लंडनच्या वूलिच भागात जन्म. आईवडील जमैकाहून आलेले. व्यवसायानं स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू. कारकिर्दीचा मोठा भाग क्रिस्टल पॅलेस आणि आर्सेनल या लंडनच्याच दोन क्लबांत गेला. पॅलेससाठी ११७ गोल, आर्सेनलसाठी २८८ सामन्यांत १८५ गोल. आर्सेनलच्या इतिहासात त्याच्यापेक्षा जास्त गोल फक्त थिएरी ऑन्रीचे आहेत. इंग्लंडकडून ३३ सामने आणि ९ गोल. २००० साली निवृत्त झाला आणि त्यानंतरची दोन दशकं बीबीसी, आयटीव्ही आणि इतर वाहिन्यांवर फुटबॉलचा विश्लेषक म्हणून काम केलं.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये यायला त्याला इतका उशीर का झाला?

इंग्लंडमध्ये मुलं आठव्या-नवव्या वर्षीच क्लबांच्या नजरेत येतात आणि सोळाव्या वर्षी त्यांच्याशी करार होतो. अठराव्या वर्षापर्यंत एखाद्याचा निकाल लागला नसेल, तर त्याचं नाव सहसा कायमचं पुसलं जातं. राइटनं पॅलेसशी पहिला करार केला तो ऑगस्ट १९८५ मध्ये. बावीस पूर्ण व्हायला तेव्हा तीनच महिने बाकी होते.

त्याआधी त्यानं प्रयत्न केले नव्हते असं नाही. साउथएंड आणि ब्रायटन या क्लबांत त्यानं चाचणी दिली, पण दोन्हीकडून नकार आला. दरम्यान घर चालवायचं होतं, म्हणून मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं. बांधकामावर राबला, गिलावा केला, कारखान्यात काम केलं. फुटबॉल उरला फक्त रविवारचा. दक्षिण लंडनच्या मैदानांवर तो ‘टेन-एम-बी’ नावाच्या हौशी संघाकडून खेळायचा. पुढे ग्रिनिच बरो या अर्धव्यावसायिक क्लबकडून आठवड्याला ३० पौंड मिळू लागले.

पॅलेससाठी नवे खेळाडू शोधणाऱ्या पीटर प्रेंटिसनं त्याला हेरलं आणि मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, स्टीव्ह कॉपेलनं चाचणीसाठी बोलावलं. राइटनं आधी टाळाटाळ केली होती. दोनदा नाकारलेल्या माणसाला तिसऱ्यांदा तेच ऐकायचं धाडस होत नाही, आणि कामाला दांडी मारली तर पगार कापला जाणार हेही होतं. शेवटी गेला आणि राहिला.

माझ्या मते या माणसाची सगळी गोष्ट या उशिरात आहे. मैदानातली त्याची भूक यातून आली. टीव्हीवर बोलताना बाहेर उभ्या असलेल्या माणसाची जी जाणीव त्याच्या बोलण्यात असते, तीही इथूनच आली.

लहानपणी त्याला ‘मॅच ऑफ द डे’ पाहू देत नव्हते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ते त्यानं स्वतःच सांगितलं आहे. सावत्र वडील घरात हिंसक होते. शनिवारी रात्री बीबीसीचा हा सामन्यांच्या क्षणचित्रांचा कार्यक्रम सुरू झाला की ते या भावांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. पाठीमागे टीव्ही चालू, सुरुवातीची ती प्रसिद्ध धून वाजते आहे, गोलांचा जल्लोष ऐकू येतो आहे आणि मुलानं वळून बघायचं नाही. थोरला भाऊ मॉरिस त्याच्या कानांवर हात ठेवायचा, निदान आवाज तरी ऐकू येऊ नये म्हणून.

२०२१ मध्ये राइटनं बीबीसीसाठी घरगुती हिंसेवर एक माहितीपट केला. त्यात तो आपल्या जुन्या घरी परत गेला आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर बोलला. साठीकडे झुकलेला, यशस्वी, सगळ्यांचा लाडका माणूस त्या खोलीत उभा राहतो आणि क्षणात लहान होतो. आपल्यासारख्याच घरात वाढणाऱ्या मुलांनी हे ऐकावं, यासाठी तो बोलला.

१९९७ मध्ये याच कार्यक्रमाच्या स्टुडिओत तो पहिल्यांदा पाहुणा म्हणून बसला. तेव्हा सूत्रसंचालक डेस लायनम यांना तो म्हणाला की ही जागा म्हणजे माझं ग्रेसलँड आहे. गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या चाहत्याला त्याच्या ग्रेसलँड या घराच्या दारात उभं राहून जे वाटत असेल ते. भिंतीची गोष्ट माहीत नसताना हे वाक्य नुसतं गंमतीचं वाटतं.

पिगडेन सर कोण?

सिडनी पिगडेन, राइटच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. वर्गातून सारखा बाहेर काढला जाणारा, लवकर भडकणारा एक मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याला आपल्याजवळ घेतलं. नीट लिहायला-वाचायला शिकवलं. शाळेतली लहान लहान जबाबदारीची कामं दिली. कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकतंय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळलं.

फुटबॉलही शिकवला. समोर गोल दिसला की ताकदीनं चेंडू हाणायचा ही मुलांची सवय. पिगडेन सरांनी त्याला इंग्लंडचा स्ट्रायकर जिमी ग्रीव्हजचं उदाहरण दिलं: हा माणूस गोलजाळ्यात चेंडू जणू पास करतो. राइटचे गोल पुन्हा पाहा. गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचललेले, कोपऱ्यात नुसते सरकवलेले कितीतरी दिसतील. शाळेच्या मैदानावरचा तो धडा त्याच्या पायांत शेवटपर्यंत राहिला.

पुढे कुणीतरी राइटला सांगितलं की सर वारले. त्यानं ते खरं मानलं. मग एका टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी तो आर्सेनलच्या हायबरी या रिकाम्या स्टेडियममध्ये उभा असताना पिगडेन सर मागून चालत आले. ती चित्रफीत आजही फिरते. सर म्हणायचे की वैमानिक म्हणून बकिंगहॅम राजवाड्यावरून केलेल्या उड्डाणापेक्षा आपला विद्यार्थी इंग्लंडकडून खेळला याचा मला जास्त अभिमान आहे. २०१७ मध्ये ते गेले.

तो तुरुंगात गेला होता का?

हो. गाडीचा कर आणि विमा न भरता गाडी चालवल्याचा दंड थकला होता. त्यापायी त्याला सुमारे दोन आठवडे चेम्सफर्डच्या तुरुंगात काढावे लागले. तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. तिथे रडलो आणि देवाला वचन दिलं की बाहेर पडल्यावर फुटबॉलपटू होण्यासाठी जीव तोडून प्रयत्न करीन, असं त्यानं अनेकदा सांगितलं आहे.

क्रिस्टल पॅलेसमधली वर्षं कशी होती?

मार्क ब्राइट आणि इयान राइट. नावं जुळली आणि खेळही जुळला. ब्राइट उंच, हवेतले चेंडू जिंकणारा. राइट चपळ, पडलेल्या चेंडूवर झेप घेणारा. पॅलेस तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. १९८९ च्या बढतीच्या अंतिम लढतीत ब्लॅकबर्नविरुद्ध पहिला सामना ३-१ असा गमावल्यावर त्यांनी परतीचा सामना जादा वेळेत ३-० असा जिंकला. तीनपैकी दोन गोल राइटचे होते. क्लब पहिल्या श्रेणीत आला. पुढच्याच मोसमात लिव्हरपूलनं अॅनफिल्डवर त्यांचा ९-० असा धुव्वा उडवला. मात्र त्याच मोसमात एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत पॅलेसनं त्याच लिव्हरपूलला ४-३ असं हरवलं. त्यावेळी राइट नडगीच्या हाडाच्या दुखापतीमुळे बाहेर होता.

मग आला १२ मे १९९०, वेम्बलीवरचा एफए कपचा अंतिम सामना, समोर मँचेस्टर युनायटेड. राइटला संपूर्ण सामना खेळण्याइतकी तंदुरुस्ती नव्हती, म्हणून तो बदली खेळाडूंच्या बाकावर होता. पॅलेस २-१ नं मागे पडल्यावर, वीस-एक मिनिटं उरली असताना त्याला उतरवलं. तीन मिनिटांत त्यानं बचावपटूला आत-बाहेर झुलवत चेंडू जाळ्यात घातला. जादा वेळ सुरू होताच दुसरा गोल केला आणि पॅलेस पुढे गेला. मार्क ह्यूजनं शेवटाकडे बरोबरी साधली. ३-३. फेरसामना युनायटेडनं १-० असा जिंकला. कप हुकला, पण पाच वर्षांपूर्वी रविवारच्या मैदानावर खेळणारा माणूस कोण आहे हे त्या दुपारी साऱ्या देशाला कळलं.

पुढच्या मोसमात पॅलेस लीगमध्ये तिसरा आला. क्लबसाठी ते आजही सर्वोच्च स्थान आहे.

आर्सेनलनं त्याला कितीला घेतलं? आणि ते पैसे वसूल झाले का?

सप्टेंबर १९९१ मध्ये २५ लाख पौंडांना. आर्सेनलसाठी तो त्या वेळचा विक्रम होता. संघात आधीच चांगले आघाडीवीर असताना हा का, अशी कुजबुज होती. उत्तर त्यानं मैदानावर दिलं. पदार्पणात लीग कपमध्ये लेस्टरविरुद्ध गोल, लीगमधल्या पहिल्या सामन्यात साउदम्प्टनविरुद्ध हॅटट्रिक, म्हणजे एका सामन्यात तीन गोल. मोसमाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा साउदम्प्टन समोर आणि पुन्हा हॅटट्रिक. त्या हॅटट्रिकमुळे लीगमधले त्याचे गोल २९ झाले आणि तो गॅरी लिनेकरच्या एका गोलानं पुढे गेला. हाच लिनेकर पुढे अनेक वर्षं टीव्हीच्या स्टुडिओत त्याच्या शेजारी बसणार होता.

सलग सहा मोसम तो आर्सेनलचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू राहिला. १९९३ मध्ये एफए कप आणि लीग कप. त्या एफए कपच्या अंतिम सामन्यात शेफील्ड वेन्सडेविरुद्ध आणि नंतरच्या फेरसामन्यातही त्यानं गोल केला. १९९४ मध्ये क्लबनं युरोपियन कप विनर्स कप जिंकला, पण उपांत्य सामन्यातल्या पिवळ्या कार्डामुळे अंतिम सामन्यात राइटवर बंदी होती. कार्ड दिसताच काय गमावलं हे त्याला समजलं आणि तो मैदानातच रडला. १९९८ मध्ये मॅनेजर आर्सीन व्हेंगरच्या संघानं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. तोवर दुखापतींनी त्याला गाठलं होतं, आणि त्या कपच्या अंतिम सामन्यात तो बाकावरून उठलाच नाही. त्याच उन्हाळ्यात तो वेस्ट हॅमला गेला. मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सेल्टिक, आणि शेवटी बर्नली.

१७९ आकड्याची ती बनियन काय भानगड आहे?

क्लिफ बॅस्टिन यांचा आर्सेनलसाठी १७८ गोलांचा विक्रम होता आणि तो अनेक दशकं टिकला होता. १३ सप्टेंबर १९९७ रोजी हायबरीवर बोल्टनविरुद्ध राइटला बरोबरीसाठी एक आणि विक्रमासाठी दोन गोल हवे होते. पहिला गोल होताच आनंदाच्या भरात त्यानं जर्सी वर केली. आत पांढऱ्या बनियनवर लिहिलं होतं: ‘१७९, जस्ट डन इट’. म्हणजे घोषणा एका गोलानं आधीच झाली. पण पाचेक मिनिटांतच त्यानं दुसरा गोल करून ती खरी केली आणि नंतर हॅटट्रिकही पूर्ण केली. त्याचा विक्रम ऑक्टोबर २००५ मध्ये ऑन्रीनं मोडला.

मैदानावर तो भांडखोर होता असं ऐकलंय. त्यावर पडदा टाकला जातो का?

टाकू नये. त्याला कार्डं खूप मिळाली, पंचांशी वाद झाले, दंड झाले. युनायटेडचा गोलरक्षक पीटर श्मायकेलशी त्याचं जुंपलेलं भांडण तेव्हा बरंच गाजलं. १९९९ मध्ये वेस्ट हॅमकडून खेळताना बाहेर काढल्यावर त्यानं पंचांच्या खोलीची नासधूस केली. त्याबद्दल बंदी आणि मोठा दंड झाला. हे चूकच होतं. त्याला मानणाऱ्यांनी याची सारवासारव करू नये. लहानपणी ज्या रागाला पिगडेन सर आवर घालायचे, तो राग पुरता गेला नव्हता. राइट स्वतः आज याबद्दल लाज न लपवता बोलतो.

एवढे गोल करूनही इंग्लंडकडून फक्त ३३ सामने का?

काळ वाईट आणि स्पर्धा तगडी. लिनेकर, शिअरर, शेरिंगहॅम, फर्डिनंड असे एकामागून एक स्ट्रायकर रांगेत होते. १९९२ मध्ये देशात सर्वाधिक लीग गोल करूनही मॅनेजर ग्रॅहम टेलर यांनी त्याला युरोपीय देशांच्या युरो स्पर्धेला नेलं नाही. मला हा निर्णय आजही पटत नाही. १९९४ च्या विश्वचषकासाठी इंग्लंड पात्रच ठरला नाही. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात सॅन मरिनोविरुद्ध ७-१ असा विजय मिळाला. त्यात चार गोल राइटचे, म्हणजे त्याच्या एकूण नऊ आंतरराष्ट्रीय गोलांपैकी चार एका निरुपयोगी संध्याकाळी झाले. १९९६ च्या युरो संघातही तो नव्हता. १९९७ मध्ये रोममध्ये इटलीविरुद्धच्या ०-० सामन्यात त्यानं एकट्यानं आघाडी सांभाळली आणि इंग्लंडनं विश्वचषक गाठला. स्पर्धेच्या तोंडावर मोरोक्कोविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावला आणि तीही संधी गेली. मोठ्या स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही.

डेव्हिड रोकासलचं नाव तो सारखं का घेतो?

दोघंही दक्षिण लंडनच्या ब्रॉकलीमध्ये एकाच वसाहतीत वाढले. ‘रॉकी’ रोकासल वयानं साडेतीन वर्षांनी लहान, पण फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं पुढे. राइट अजून बांधकामावर असताना हा आर्सेनलमध्ये दाखल झाला होता. त्यानंच राइटला हिंमत सोडू दिली नाही. १९९१ मध्ये राइट आर्सेनलला आला तेव्हा दोघं एका संघात आले खरे, पण एकच मोसम. १९९२ मध्ये रोकासल लीड्सला गेला. ३१ मार्च २००१ रोजी, अवघ्या ३३ व्या वर्षी कर्करोगानं तो गेला. राइट त्याच्याबद्दल बोलायला लागला की आवाज ठिकाणावर राहत नाही.

विश्लेषक आणि समालोचक एकच का?

नाही. समालोचक सामना चालू असताना काय घडतंय ते सांगतो. त्याच्या शेजारी सहसा एक माजी खेळाडू सहसमालोचक म्हणून असतो. सूत्रसंचालक कार्यक्रम चालवतो, प्रश्न विचारतो. आणि विश्लेषक, ज्याला इंग्रजीत पंडित म्हणतात (शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला), तो स्टुडिओत बसून घडलेल्याचा अर्थ लावतो: गोल का झाला, कोणता बचावपटू दोन पावलं मागे राहिला, संघाचं नेमकं कुठे बिनसलंय. राइट मुख्यतः विश्लेषक. लिनेकर खेळाडू होता, पण टीव्हीवर तो सूत्रसंचालक होता.

‘मॅच ऑफ द डे’ला इंग्लंडमध्ये एवढं महत्त्व का?

२२ ऑगस्ट १९६४ रोजी तो सुरू झाला. पहिला सामना लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. इंग्लंडमध्ये एक जुना नियम आहे: शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत, म्हणजे लोक आपल्या गावच्या लहान क्लबच्या मैदानावर जात राहतील. त्यामुळे शनिवारी तीनला सुरू झालेले सामने घराघरांत दिसतात ते रात्रीच, क्षणचित्रांच्या रूपात आणि कोणतंही वेगळं शुल्क न भरता.

विश्लेषकांचा शनिवार मोठा असतो. दुपारपासून ते एकत्र बसून भिंतीवरच्या पडद्यांवर सगळे सामने एकाच वेळी पाहतात. कुठला क्षण दाखवायचा, कुठे थांबवून बाण काढायचा, हे संपादकांबरोबर ठरवतात. मग रात्री साडेदहाच्या सुमारास, दोन-तीन मिनिटांत एका सामन्याबद्दल काहीतरी अर्थपूर्ण सांगायचं. प्रेक्षकानं तोवर निकाल ऐकलेला असतो. त्याला नवं काय देणार, हे त्या कामातलं खरं आव्हान.

राइटची टीव्हीवरची सुरुवात कशी झाली?

खेळत असतानाच. १९९८ मध्ये आयटीव्हीनं त्याला शुक्रवार रात्रीचा स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम दिला. निवृत्तीनंतर मनोरंजनाचे अनेक कार्यक्रम, रेडिओ आणि बीबीसीवर फुटबॉल. त्या काळातला टीव्हीवरचा राइट इंग्लंडच्या सामन्यांत उघडउघड चाहत्यासारखा वागायचा. गोल हुकला की डोक्याला हात लावायचा.

मग २००८ मध्ये तो बीबीसी सोडून का गेला?

आपल्याला हसवण्यापुरतं ठेवलंय, असं त्याला वाटू लागलं होतं. अॅलन हॅन्सन आणि अॅलन शिअरर हे सहविश्लेषक गंभीर बोलायचे आणि वातावरण हलकं करायचं काम राइटकडे यायचं. आपण दरबारातले विदूषक झालो आहोत, अशा अर्थाचं तो उघडपणे बोलला आणि बाहेर पडला.

हा भाग मला त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीत सर्वात महत्त्वाचा वाटतो. हसरा माणूस म्हणजे उथळ माणूस, असं टीव्हीवाल्यांनी गृहीत धरलं होतं. त्यातून एका कृष्णवर्णीय विश्लेषकाच्या वाट्याला विनोद आणि इतरांच्या वाट्याला डावपेच, ही विभागणी कुणालाच खटकत नव्हती. तो पुढे परत आला तेव्हा त्याच हसण्यासह आला, पण बोलणं बदललं होतं. स्ट्रायकर बचावपटूच्या कोणत्या खांद्यामागे उभा राहतो, चेंडू येण्याआधी मान किती वेळा वळवतो, गोलरक्षकाचं वजन कोणत्या पायावर आहे हे कसं ओळखायचं, हे तो असं सांगायचा की पुढच्या सामन्यात तुमचे डोळे आपोआप तिकडे जातात.

तरीही तो विश्लेषण कमी आणि भावना जास्त देतो, ही टीका बरोबर नाही का?

मी या टीकेशी सहमत नाही. गॅरी नेव्हिल किंवा जेमी कॅरागर या माजी बचावपटू विश्लेषकांसारखी पडद्यावर आखणी करून दाखवण्याची पद्धत वेगळी आहे आणि ती उत्तम आहे. पण गोल करणं हे काम फळ्यावर पूर्ण मावत नाही. सहा सामने गोल न झालेल्या स्ट्रायकरला सातव्या सामन्यात मोकळा गोल समोर दिसल्यावर काय होतं? पाय जड का होतात? एकवीस वर्षांच्या मुलाला स्टेडियमभर शिव्या पडतात तेव्हा तो पुढचा पास मागे का देतो? हे सांगायला ते जगलेला माणूस लागतो, आणि जगलेलं उघडपणे बोलायची तयारी लागते. वर्णद्वेषाचा बळी ठरलेल्या तरुण खेळाडूंबद्दल राइट बोलतो तेव्हा स्टुडिओ शांत होतो. ते शांत होणं त्याच्या शब्दांच्या वजनामुळे असतं.

मार्च २०२३ मध्ये नेमकं काय घडलं?

लिनेकरनं सरकारच्या आश्रय मागणाऱ्यांविषयीच्या धोरणाची भाषा १९३० च्या दशकातल्या जर्मनीची आठवण करून देते, अशा आशयाचं समाजमाध्यमावर लिहिलं. बीबीसीनं त्याला कार्यक्रमापासून दूर केलं. काही वेळातच राइटनं जाहीर केलं की या शनिवारी मीही बसणार नाही. त्यापाठोपाठ शिअररनं आणि मग बाकीच्यांनी तेच केलं. ११ मार्चला कार्यक्रम दाखवला गेला तो सूत्रसंचालक, विश्लेषक आणि समालोचन यांच्याविना, जेमतेम वीस मिनिटं. पुढच्या काही दिवसांत लिनेकर परतला.

सर्वात आधी बाहेर पडणारा राइट होता, हे लक्षात घ्या. त्या कार्यक्रमातली खुर्ची त्याला किती प्रिय होती, हे वर आलंच आहे.

महिला फुटबॉलशी त्याचा काय संबंध?

मनापासूनचा. स्टेडियममध्ये जाऊन सामने पाहतो, खेळाडूंना नावानं ओळखतो, आणि मैदानं गर्दीनं भरण्याच्या आधीपासून हे करतो आहे. २०२२ च्या युरोमध्ये इंग्लंडच्या महिला संघानं स्वीडनला ४-० असं हरवून अंतिम फेरी गाठली. सगळे जल्लोषात असताना राइट टीव्हीवर म्हणाला, की यानंतरही शाळेच्या खेळाच्या तासाला मुलींना मुलांसारखा फुटबॉल खेळता येत नसेल तर आपण करतोय तरी काय? संघानं स्पर्धा जिंकली आणि खेळाडूंनी हीच मागणी सरकारला पत्र लिहून केली. मार्च २०२३ मध्ये सरकारनं शाळांत मुलींना खेळाची समान संधी देण्याचं धोरण जाहीर केलं. मोठं श्रेय त्या खेळाडूंचंच. पण जल्लोषाच्या क्षणी शाळेतल्या मुलीची आठवण ठेवणारा माणूस स्टुडिओत होता, हे मला विसरता येत नाही.

शॉन राइट-फिलिप्स त्याचाच मुलगा ना?

हो. शॉनला त्यानं दत्तक घेतलं. शॉन मँचेस्टर सिटी आणि चेल्सीकडून खेळला, आणि इंग्लंडकडून ३६ सामने, म्हणजे वडिलांपेक्षा तीन जास्त. दुसरा मुलगा ब्रॅडली अमेरिकेत न्यूयॉर्क रेड बुल्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. २०१४ आणि २०१६ मध्ये त्या लीगमधले सर्वाधिक गोल त्याचेच होते.

तो मॅनेजर का झाला नाही?

मॅनेजरकीच्या वाटेला तो गेलाच नाही. एमके डॉन्स या क्लबात मात्र काही काळ प्रशिक्षक म्हणून काम केलं.

‘मॅच ऑफ द डे’ त्यानं का सोडलं?

डिसेंबर २०२३ मध्ये त्यानं जाहीर केलं की हा मोसम शेवटचा. कारण साधं होतं: शनिवार मोकळे हवेत, वेगळ्या गोष्टींसाठी वेळ हवा. १९ मे २०२४ रोजी, मोसमाच्या अखेरच्या दिवशी तो त्या स्टुडिओत शेवटचा बसला. नेव्हिल, कॅरागर, रॉय कीन आणि जिल स्कॉट या माजी खेळाडूंबरोबर गप्पांचा त्याचा पॉडकास्ट मात्र चालू राहिला. तिथे वेळेचं बंधन नसल्यामुळे तो जास्त खुलतो. २००० मध्ये एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळालेल्या राइटला २०२३ मध्ये ओबीई हा किताबही मिळाला.

मी त्याला खेळताना कधीच पाहिलं नाही. सुरुवात कुठून करू?

आधी १९९० चा अंतिम सामना, निदान शेवटची वीस मिनिटं आणि जादा वेळ. मग १९९३ मधला एव्हर्टनविरुद्धचा गोल. चेंडू खाली पडू न देता बचावपटू मॅट जॅक्सनच्या डोक्यावरून काढला, त्याला पुन्हा चकवलं आणि गोलरक्षक नेव्हिल साउथॉलच्या वरून अलगद जाळ्यात सोडला. त्यात जिमी ग्रीव्हजचा धडा पाहा. त्यानंतर बोल्टनचा सामना, बनियनसकट.

आणि शेवटी हायबरीची ती चित्रफीत. त्यात फुटबॉल नाही. राइट वळतो, समोर पिगडेन सर दिसतात. शेकडो गोल केलेल्या त्या माणसाचा हात सर्वात आधी डोक्याकडे जातो आणि टोपी खाली येते, वर्गात सर आल्यावर यावी तशी.